दादाच्या मागे गावोगाव

एप्रिल 1976. तुम्ही रेसिफेत उतरला आहात, ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर. दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटलाय. कापिबारिबे नदीवरून खारट, चिखलट वास येतोय आणि पदपथावर एक जण चरकातून उसाचा रस काढतोय. एक पेला घ्या. हे पेर्नाम्बुको राज्य. इथली चार शतकं उसावर गेली. ज्या घोळक्याबरोबर तुम्ही चालताय, त्यातल्या बऱ्याच जणांचे बाप-आजे उसाच्या फडात राबले आहेत. लाल-काळे झेंडे दिसतील तिकडे चालत राहा. स्पोर्ट क्लबचं मैदान, इल्या दो रेतिरो, त्याच वाटेवर आहे.

आज समोर सांतो आमारो आहे, एक छोटा संघ. स्पोर्ट जिंकणार का, असं तिकिटाच्या खिडकीशी कुणी विचारत नाही. विचारतात, ‘आज दादा किती मारणार?’ तुम्हाला उत्तर ठाऊक आहे. तोंड बंद ठेवा.

सिमेंटच्या पायरीवर जागा धरा. शेजारच्या गृहस्थानं ट्रान्झिस्टर कानाला लावलाय. सामना डोळ्यांसमोर असताना रेडिओ कशाला, असं तुम्हाला वाटेल. इथे सगळेच ऐकतात. निवेदकानं ओरडून सांगितल्याशिवाय गोल पुरता झाल्यासारखं वाटत नाही. शिवाय दादा रेडिओवर बोलून बसलेला असतो. सामन्याआधी गोल जाहीर करायचा, होणाऱ्या गोलाला आधीच नाव ठेवायचं, हा त्याचा खाक्या. बारसं आधी, जन्म नंतर. शब्द खरा ठरला तर गाव डोक्यावर घेतं, फसला तर शिव्या घालतं. दोन्हीसाठी तिकीट काढावंच लागतं, हे त्या हुशार माणसाला पक्कं कळलंय.

तो पाहा, आला. दारिओ जोजे दोस सांतोस, वय तीस. लांब टांगा, रुंद छाती, आणि चेंडू पायात आला की लगेच दिसणारी ती अडचण. चेंडू थांबवायला जातो तर तो तीन हात पुढे पळतो. ड्रिबलिंगच्या नावानं आनंद. पास द्यायचा तर प्रतिस्पर्ध्याचीही सोय बघतो. ज्या देशात गल्लीतली पोरं चेंडू गुडघ्यावर, खांद्यावर खेळवत शाळेत जातात, त्या देशाचा हा सेंटर फॉरवर्ड. त्याला विचाराल तर तो खुशाल सांगेल की गोल करण्यात इतका वेळ गेला की फुटबॉल शिकायचं राहूनच गेलं. गोल कधी कुरूप नसतो, न होणारा गोल कुरूप, हेही त्याचंच.

सामना सुरू झालाय. तुम्ही सवयीनं चेंडूकडे बघताय. चुकताय. दादाकडे बघा. चेंडू उजव्या बगलेला असताना तो डावीकडे, बचावपटूच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा जागी उभा आहे. क्रॉस सुटायच्या आधी तो निघतो. बचावपटू चेंडू बघून उडतो, दादा चेंडू सुटायचा अंदाज घेऊन. म्हणून तो आधी वर पोचतो आणि बाकीचे वर येईपर्यंत काम उरकलेलं असतं. गोल. पुन्हा गोल. चौथ्यापाचव्या गोलापर्यंत शेजारचे गृहस्थ नाचतात, सहाव्यापासून बोटं मोजायला लागतात. आठव्याला रेडिओवरचा आवाज चिरकतो, कारण तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. पेलेचा आहे तो. नवव्याला शेजारी तुमचा दंड धरतो. दहाव्याला सोडतो.

स्पोर्ट 14, सांतो आमारो 0. एकट्या दादाचे 10.

बाहेर पडताना वाद ऐका, कारण ब्राझीलमध्ये सामन्याचा उत्तरार्ध फाटकाबाहेर खेळतात. कुणी म्हणतं, ‘सांतो आमारोसमोर काय, माझी आजीसुद्धा चार मारेल.’ हा आक्षेप तुम्ही पुढेही ऐकणार आहात, युरोपी तोऱ्यात तर फारच. पण पेलेचे आठ कुणाविरुद्ध होते? नोव्हेंबर 1964, सांतोसचं विला बेल्मिरो मैदान, समोर रिबेराव प्रेतोचा बोटाफोगो. रिओचा तो बडा बोटाफोगो नव्हे, साओ पाउलो राज्याच्या आतल्या भागातला त्याच नावाचा क्लब, आणि स्पर्धा राज्याचीच. पेलेच्या आठांची पूजा करायची आणि दादाच्या दहांना नाक मुरडायचं, हा न्याय मला कधी पटलेला नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ब्राझीलमध्ये राज्य आधी आलं, देश मागाहून. साओ पाउलोची राज्य स्पर्धा 1902 पासून चालू आहे, बाहियाची 1905 पासून, रिओची 1906, पेर्नाम्बुकोची 1915. अखंड देशाची म्हणावी अशी लीग उभी राहिली 1971 मध्ये. त्याआधीच्या काही राष्ट्रीय स्पर्धांना नंतर तो मान देण्यात आला, पण माणसांचं वैर, सोयरीक, पैजा, सगळं राज्यात. अंतरंच तशी. रेसिफेहून दक्षिणेतलं पोर्तो आलेग्रे सरळ रेषेत जवळपास 3000 किलोमीटर. कोण कुणाला भेटायला जाणार? रेसिफेपुरतं बोलायचं तर तीन घरं: स्पोर्ट, नाउतिको, सांता क्रूझ. 1963 ते 1968 सलग सहा वर्षं नाउतिको विजेता. 1969 ते 1973 सलग पाच वर्षं सांता क्रूझ. 1974 ला पुन्हा नाउतिको. स्पोर्टवाल्यांनी 1962 नंतर राज्य स्पर्धा जिंकलेली नाही, आणि शेजारी रोज सकाळी पाव घेताना त्याची आठवण करून देणारे. मग दादा आला आणि 1975 चं विजेतेपद घेऊन आला. या शहरात त्याला जे प्रेम मिळतंय ते विश्वचषकाच्या पदकामुळे नव्हे. पावाच्या दुकानात मान वर करून जाता येतं, म्हणून.

हो, विश्वचषकाचं पदक आहे त्याच्याकडे. तिकडे जाऊ, पण त्याआधी आणखी मागे.

रिओ दी जानेरो, मारेशाल एर्मेस. कामगारांसाठी वसवलेलं, लोकल गाडीच्या मार्गावरचं उपनगर. पलीकडेच बेंतो रिबेरो, तिथे पुढे रोनाल्डो वाढायचाय. तुम्ही पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला आला आहात. दारिओ पाच वर्षांचा. आई मनानं आजारी. एक दिवस ती स्वतःला पेटवून घेते. पोरगा तिच्याकडे धावतो आणि जळत असतानाही ती त्याला दूर ढकलते. तो वाचतो. मोठेपणी त्यानं हे अनेकदा सांगितलं, आणि इतर सगळ्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्या या माणसानं ही एक गोष्ट कधी रंगवली नाही. इथे थांबू नका. बापाला पोरं सांभाळणं जमेना, त्यानं त्यांना सरकारी अनाथगृहात घातलं. मग चोऱ्या, मारामाऱ्या. तेही त्यानं स्वतःच सांगितलंय. चेंडूशी गंभीरपणे गाठ पडली ती विशीच्या उंबरठ्यावर. पेले या वयापर्यंत एक विश्वचषक जिंकून आला होता, यावरून अंदाज करा. चेंडू पायाला का चिकटत नाही, त्याचं उत्तरही यातच आहे. पायांचं शिकायचं वय निघून गेलेलं. धावणं आणि उडणं तेवढं हातात होतं.

पहिला क्लब काम्पो ग्रांदे. रिओच्या पश्चिम टोकाचा, फ्लामेंगो-वास्कोच्या सावलीतला. तिथून 1968 मध्ये बेलो होरिझोन्तेच्या आत्लेतिको मिनेइरोनं त्याला नेलं.

आता तारीख लिहून घ्या: 3 सप्टेंबर 1969. बेलो होरिझोन्ते, मिनेइराव मैदान. ब्राझीलचा राष्ट्रीय संघ विश्वचषकाच्या पात्रता फेरीतले सहाच्या सहा सामने जिंकून इथे मैत्रीचा सामना खेळायला आलाय. पेले, तोस्ताव, जाइरझिन्यो, सगळे. समोर आत्लेतिको, पण अंगात राज्य संघटनेचा लाल शर्ट. प्रशिक्षक युस्त्रिश, दरडावणारा दांडगा माणूस. दादाला घडवण्याचं श्रेय पुष्कळ जण त्यालाच देतात. आत्लेतिको एक, पेलेनं बरोबरी, आणि मग विजयाचा गोल दादाचा. 2-1. पुढच्या वर्षी जगाला नाचवणारा संघ एका राज्याच्या क्लबनं हरवला, आणि तो हरवला चेंडू थांबवता न येणाऱ्या गड्यानं. तुमच्या आसपासच्या लोकांना अजून कल्पना नाही की पिवळ्या शर्टांतली ती मंडळी काय होणार आहेत. म्हणून ते एवढे निवांत हसताहेत.

पुढचे महिने भराभर. ऑक्टोबरच्या अखेरीस जनरल एमिलिओ मेदिसी राष्ट्राध्यक्ष होतो. लष्करी राजवटीतला सगळ्यात काळा काळ, तुरुंग भरलेले, वर्तमानपत्रांवर कात्री. आणि हाच मेदिसी ट्रान्झिस्टर कानाला लावून स्टेडियममध्ये बसतो, टाळ्या घेतो. त्याला दादा आवडतो, विश्वचषकाच्या संघात हवा आहे. राष्ट्रीय प्रशिक्षक जोआव साल्दान्या, पत्रकार आणि कम्युनिस्ट. त्याचा जबाब असा सांगतात की राष्ट्राध्यक्षांनी आपलं मंत्रिमंडळ निवडावं, संघ मी निवडतो. मार्च 1970 मध्ये साल्दान्याची गच्छंती झाली. ही गोष्ट इतकी गोळीबंद आहे की ती सांगण्याचा मोह कुणालाच आवरत नाही. साल्दान्याची भांडणं पेलेपासून अनेकांशी चालू होती हे त्यात गळून जातं. झागालोनं सूत्रं घेतली, दादा संघात गेला. क्रमांक 20. मेक्सिकोत ब्राझील सहा सामने खेळला, सहाही जिंकला, अंतिम सामन्यात इटलीला 4-1 हरवलं. तुम्ही सगळे सामने पुन्हा पाहा, थांबवून थांबवून पाहा. 20 क्रमांक मैदानावर एक मिनिटही दिसणार नाही.

विश्वविजेता, शून्य मिनिटं. वर हुकूमशहाचा लाडका हा शिक्का. त्या शिक्क्यात त्याचा हात काय होता? तो गोल करत होता आणि ते एका सेनापतीला आवडत होते, एवढंच.

मला तुम्हाला मेक्सिकोपेक्षा दीड वर्षानंतरचा रिओ दाखवायचाय. 19 डिसेंबर 1971, माराकाना. पहिल्या राष्ट्रीय लीगचा शेवटचा सामना. तीन संघांची अंतिम फेरी: आत्लेतिको, साओ पाउलो, बोटाफोगो (या वेळी रिओचाच). आत्लेतिकोनं साओ पाउलोला आठवड्यापूर्वी एका गोलनं हरवलंय. वरचे कठडे सोडा, खाली ‘जेराल’मध्ये उतरा. मैदानाभोवतीच्या खंदकापलीकडची ही उभ्याची जागा, सगळ्यात स्वस्त. डोळे जवळजवळ गवताच्या पातळीवर. इथून खेळाचा आराखडा काही कळत नाही, पाय तेवढे दिसतात, आणि बुटाचा चेंडूवर बसणारा आवाज येतो. पावसातही इथे उभं राहणारे, दात पडलेले, नकली मिशा लावलेले लोक. माराकाना आज भरलेलं नाही, रिओला आपल्या हरण्याचा वास आधीच आला असावा.

मध्यंतर झालंय. 0-0. आत्लेतिकोचे आलेले पाठीराखे तुमच्या मागे गप्प. डाव्या बगलेवर उम्बेर्तो रामोस चेंडू घेऊन निघतो. आता पुन्हा तेच करा, चेंडू सोडा, दादाकडे बघा. तो दोन पावलं मागे सरकतो. मागे! गोलपासून लांब. बचावपटूला वाटतं हा यातून सुटला. मग तिरकी धाव, शेवटचं पाऊल लांब, टाच आधी टेकते, मग चवडा, दोन्ही हात खालून वर येतात आणि सगळं शरीर त्या हातांमागे उचललं जातं. क्रॉस अजून हवेत. दादा वर गेलाय आणि, शपथेवर सांगा, तुम्हाला तो तिथे थांबलेला दिसतो ना?

हवेत थांबणाऱ्या तीनच गोष्टी आहेत, असं तो म्हणायचा: हमिंगबर्ड, हेलिकॉप्टर आणि दादा. लोक हसायचे. पण ही निव्वळ फुशारकी नाही. कुठलंही शरीर सरळ वर उडालं की वेग वर जाता जाता कमी होत जातो, आणि उडीच्या सगळ्यात वरच्या पाव उंचीत ते एकूण वेळेच्या निम्मा वेळ काढतं. शाळेतलं गणित आहे. जो आधी उडतो तो त्या निम्म्या वेळात असताना बाकीचे वर यायला धडपडत असतात. धडपडणाऱ्यांच्या शेजारी तो स्थिर दिसतो. युक्ती उडीत नाही, कधी उडायचं यात आहे. ती तर डोक्यात असते.

चेंडू कपाळावर बसतो. आवाज येतो. जाळी हलते. बोटाफोगो 0, आत्लेतिको मिनेइरो 1. प्रशिक्षक तेले सांताना, पुढे 1982 च्या त्या देखण्या ब्राझील संघाचा गुरू. एका राज्याच्या राजधानीतला क्लब रिओत येऊन पहिली राष्ट्रीय लीग घेऊन गेला, आणि 15 गोल करून सर्वाधिक गोल दादाचे. पुढच्या वर्षी 17 करून पुन्हा पहिला, या वेळी दुसऱ्या एकाच्या बरोबरीनं. आत्लेतिकोसाठी त्यानं वेगवेगळ्या मुक्कामांत मिळून 211 गोल केले. त्या क्लबात त्याच्यापुढे आजही फक्त रेइनाल्दो आहे, 255 गोलांसह.

मग हा माणूस तिथेच का राहिला नाही? राहायचं की जायचं, हे त्याच्या हातात नव्हतं. तुम्ही ज्या काळात हिंडताय त्या काळी ‘पासी’ नावाची पद्धत होती. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच. खेळाडूचा सात-बारा क्लबच्या नावावर, आणि विक्री झाली की किंमत क्लबला. सप्टेंबर 1976 च्या कायद्यानं विक्रीतला 15 टक्के वाटा खेळाडूला द्यायचं ठरलं. पद्धत पुरती मोडली ती 1998 च्या कायद्यानं, ज्याला पेलेचंच नाव आहे. मधल्या काळात हिशेब सोपा होता: पगार बेताचा, जिंकल्यावर ‘बिशू’ म्हणजे रोख बक्षिसी, आणि क्लबला पैशाची नड लागली की तुमची रवानगी. 1973 ला फ्लामेंगो, मग रेसिफे. अशा बाजारात गरीब क्लब फॉरवर्डला पैसे कशातून देणार? गेटवरच्या गल्ल्यातून. आणि गल्ला भरायचा तर सामन्याच्या चार दिवस आधी गावाला काहीतरी चघळायला हवं. दादाची बडबड हा त्याच्या कामाचा भाग होता. त्याच्या हेडरइतकाच घोटलेला. त्याला वाचाळ म्हणणाऱ्या रिओच्या पत्रकारांना हे कळलं नाही, की कळूनही त्यांनी दुर्लक्ष केलं, कोण जाणे.

1976 चाच डिसेंबर, तारीख 12. पोर्तो आलेग्रे, बेइरा-रिओ मैदान. रेसिफेतून थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला. इथे माणसं माते पितात, गोमांस निखाऱ्यावर भाजतात. लाल शर्टातला इंटरनॅशिओनाल संघ खरोखर थोर आहे: मागे चिलीचा फिगेरोआ, मध्ये तरुण फाल्काव, गोलात मांगा, जो मूळचा रेसिफेचा. समोर कोरिंथियन्स, आठवडाभरापूर्वी त्यांच्या हजारो पाठीराख्यांनी साओ पाउलोहून येऊन माराकाना व्यापलं होतं. एवढ्या कसलेल्या संघात हा ओबडधोबड गडी शोभेल का, असं ज्यांना वाटत होतं ते पहिल्या अर्ध्या तासातच गप्प होतात. दादा, डोक्यानं. नंतर वाल्दोमिरोची फ्री किक. 2-0. राष्ट्रीय विजेतेपद, आणि 16 गोल करून सर्वाधिक गोल पुन्हा दादाचेच.

गर्दीतून बाहेर पडताना एक गंमत ध्यानात ठेवा. याच शहरात, याच वर्षी जन्मलेलं एक तान्हं बाळ कुठल्यातरी घरात झोपलंय: होजे रामिरेझ बरेटो. ते मोठं होऊन कोलकात्याच्या मोहन बागानचं दैवत होणार आहे आणि मध्ये दोन हंगाम मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून कूपरेजवर खेळणार आहे. कूपरेजवर त्याला पाहिलेल्या एखाद्या चाहत्याला वाटलं असेल की ब्राझिलियन फॉरवर्ड इतक्या लांब कसा काय आला. पोटापाण्यासाठी घराबाहेर पडायची ही वाट जुनी आहे. दादाच्या पिढीत ती देशातल्या देशात होती, एवढाच फरक.

इथून पुढे वर्षांचा हिशेब सोडा, गावं मोजा. राष्ट्रीय लीग तुम्ही माराकानात पाहिली तेव्हा 20 क्लबांची होती. 1976 ला 54, पुढच्या वर्षी 62, मग 74, आणि 1979 ला चक्क 94. लोकांमध्ये म्हण निघाली की जिथे अरेना घसरते तिथे एक संघ राष्ट्रीय लीगमध्ये. अरेना हा लष्करशहांचा पक्ष. जिथे मतं कमी पडायची भीती, तिथल्या क्लबाला प्रवेश. राज्यकर्त्यांचा हा खेळ निर्लज्ज होता, पण त्यातून एक झालं: कधी नकाशावर नसलेल्या मैदानांवर मोठी नावं उतरू लागली, आणि वय वाढलेल्या फॉरवर्डला गिऱ्हाइकं मिळाली.

बेलेंमध्ये उतरा, अमेझॉनच्या मुखाशी. दुपारचा पाऊस इथे इतका नेमाचा की ‘पावसानंतर भेटू’ ही वेळ ठरते. दादा इथे पायसांडूचा, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. समोर रेमो, आणि त्यांच्या डर्बीला घरं दुभंगतात. पुन्हा रेसिफे: आता नाउतिको, मग सांता क्रूझ. म्हणजे शहरातली तिन्ही वैरी घरं झाली, आणि हे फक्त दादालाच माफ होतं. साल्वादोरला बाहिया. गोयास. कोरितिबा. बेलो होरिझोन्तेत आत्लेतिकोचाच शेजारी अमेरिका. मनाउसला नॅसिओनाल, जिथे रस्त्यानं पोचण्यापेक्षा बोट बरी, आणि बोटीपेक्षा विमान. पिरासिकाबाचा किन्झे दे नोव्हेम्ब्रो. पश्चिमेला दोरादोसचा दोरादेन्से. मैदानं लहान होत जातात, गवत विरळ होतं, ड्रेसिंग रूममध्ये दोनच नळ चालू असतात. दादाची भाषा तेवढी लहान होत नाही. अडचणी सांगू नका, माझ्याकडे उपाय आहे, हे वाक्य तो प्रत्येक गावात नव्यानं म्हणतो आणि प्रत्येक गावाला ते आपल्यासाठीच म्हटल्यासारखं वाटतं. कारकिर्दीचे एकूण गोल तो 926 सांगतो, त्यातले 499 डोक्यानं. आकडा त्याचा आहे. हातात वही घेऊन पडताळायला निघालात तर मैत्रीचे सामने, बुडालेले क्लब, पावसात भिजलेली कागदपत्रं, यात हरवाल. मी तरी 499 वर एकानं कमी-जास्त व्हावं असं म्हणणार नाही. पाचशेचा मोह टाळणारा माणूस बाकी कशात खोटं बोलत असेल तर बोलू दे.

शेवटचा मुक्काम: रजिस्त्रो, 1986. साओ पाउलो राज्याच्या दक्षिणेला रिबेरा खोरं, जपानी स्थलांतरितांनी लावलेले चहाचे मळे आणि जिकडेतिकडे केळी. फेब्रुवारीच्या अखेरीस नवं चलन आलंय, क्रुझादो, हजार जुन्या क्रुझेरोंचा एक. नोटा जुन्याच, वर गोल शिक्का. भाव सरकारनं गोठवलेत आणि बाया सरकारी दरपत्रक घेऊन दुकानदारांना धारेवर धरताहेत. मैदानावर आल्यावर खिशातली शिक्क्याची नोट काढा, तिकीट घ्या.

क्लबचं नाव कोमेर्सियल. दादा चाळिशीचा. टांगा त्याच, पण धाव आता हप्त्याहप्त्यानं. बाक इतके जवळ आहेत की तो बचावपटूशी काय बोलतो ते ऐकू येतं, आणि तो अखंड बोलतोय: आता इकडून येतो बघ, आता वरून. पोरगा विशीचा असेल, मेक्सिकोच्या वेळी चड्डीत फिरणारा. तो हसू लपवतोय आणि त्यातच अर्धं पाऊल मागे पडतोय.

तुम्हाला माहीत आहे की हा त्याचा शेवटचा क्लब. यानंतर टीव्हीवर बसून दुसऱ्यांच्या खेळावर बोलणं, जे त्याला उत्तम जमेल. पण तुमच्या पुढच्या बाकावर, बाहेरगावच्या कुठल्याशा क्लबाचा कारभारी दिसणारा एक गृहस्थ बसलाय, टोपीनं वारा घेत. त्याला कुठे माहीत? तो भरलेल्या बाकांवरून नजर फिरवतो, मनात काहीतरी गुणाकार करतो आणि वळून तुम्हालाच विचारतो, ‘काय हो, हा दादा एका रविवारचे किती घेतो?’